खणाचा डिर्न्डल: शिंप्याकडे जाण्याआधी

म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट, म्हणजे मोठमोठ्या तंबूंत भरणारा बिअरचा उत्सव, नावाला ऑक्टोबरचा. सुरू होतो तो सप्टेंबरच्या उत्तरार्धात. बायका तिथे डिर्न्डल घालून जातात. त्यामुळे गणपतीची खरेदी सुरू झाली की आमच्याकडे डिर्न्डलबद्दलची पत्रंही सुरू होतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मुलं आता जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला आहेत, हे त्यामागचं कारण. ज्यांनी हा पोशाख पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: आत पांढरा तोकडा ब्लाउज, त्यावर बिनबाह्यांची घट्ट बॉडी, तिलाच जोडलेला चुणीदार स्कर्ट आणि पुढून बांधायचा एप्रन. या अंकात त्याचीच पत्रं घेतली आहेत.

मुलगी म्युनिकला शिकते. तिला खणाचा डिर्न्डल शिवून पाठवायचा आहे. घरात गुळेदगुड्डचे खण आहेत. कापड किती लागेल? शिंपी म्हणतो, "फ्रॉकच की ओ हा, मापं द्या, शिवून देतो." (टिळकवाडी, बेळगाव)

फ्रॉक समजून शिवला तर फ्रॉकच होईल, ताई. डिर्न्डलचा सगळा भार वरच्या बॉडीवर असतो. ती कोर्सेटसारखी अंगाला घट्ट बसते आणि खालचा तीन मीटरचा घेर पेलते. बॉडी सैल झाली की घेर तिला खाली ओढतो आणि कंबर कुठल्या कुठे जाते. तेव्हा शिंप्याला आधी हे सांगा, कापडाचं नंतर.

खण फक्त बॉडीला वापरा. संपूर्ण पोशाख खणाचा करण्याचा मोह होतो, पण स्कर्टच्या कंबरेला एका सेंटीमीटरच्या जागेत चार-पाच सेंटीमीटर कापड चुण्यांनी कोंबायचं असतं. खण तिथे जाड पडतो आणि पोटावर उशी बांधल्यासारखं दिसतं. स्कर्टला पातळ सुती कापड घ्या: केंब्रिक किंवा बारीक सुताचं हातमाग. रंग खणातल्या नक्षीतला उचला, जमिनीचा नको. गर्द जांभळ्या खणावर मोरपिशी बुट्टी असेल तर स्कर्ट मोरपिशी. एप्रन त्याच रंगाची फिकी छटा. सध्या तिकडे एकाच रंगाच्या दोन-तीन छटा वापरायचा कल आहे, त्यात हे चपखल बसतं.

छाती 36 इंच, कंबर 30 इंच आणि तयार स्कर्टची उंची कंबरेपासून 75 सेंटीमीटर असेल तर हिशेब असा. खणाचा पन्हा लहान असतो, म्हणून बॉडीला दीड मीटर धरा. खणाचे तुकडे सुटे असतील तर दोन तुकडे एकाच ताग्याचे आहेत ना ते उजेडात बघा. रंगात किंचित फरक असला तरी पाठ आणि पुढा वेगळा दिसतो. अस्तराला मांजरपाट किंवा घट्ट विणीचं सुती कापड एक मीटर. स्कर्टला 44 इंच पन्ह्याचं पावणेतीन मीटर: 86 सेंटीमीटरचे तीन पट्टे, त्यात खालच्या दुमडीला 8 आणि वरच्या दुमडीला 3 सेंटीमीटर धरलेत. एप्रनला 1.4 मीटर. त्यातून आधी लांबीत 13 सेंटीमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या काढा, त्या नाड्या. उरलेल्या कापडातून 80 सेंटीमीटर उंचीचा एप्रन आणि त्याची कंबरपट्टी निघते. नाडीत जोड येऊ देऊ नका, बो बांधला की तो जोड नेमका वर दिसतो. ब्लाउजला मलमल सव्वा मीटर.

आता चुण्या. मशीनवर लांब टीप मारून दोरा ओढणं इथे चालत नाही. वरची कड 3 सेंटीमीटर दुमडा, जाड दोऱ्याने हातानं धावदोऱ्याच्या तीन ओळी घाला. दोन ओळींत एक सेंटीमीटर, प्रत्येक टाका 7 मिलिमीटर, आणि तिन्ही ओळींतले टाके एकाखाली एक. हे टाके वर-खाली सरकले की चुण्या वाकड्या पडतात, मग कितीही इस्त्री करा. तिन्ही दोरे एकदम ओढले की नळ्यांसारख्या उभ्या घड्या पडतात. प्रत्येक घडी बॉडीच्या खालच्या कडेला हातानं टाचायची. समोर 16 सेंटीमीटर जागा सपाट ठेवा. ती एप्रनखाली झाकली जाते आणि पोट फुगत नाही. बॉडीची चेन पुढून असेल तर ती स्कर्टमध्ये 15 ते 18 सेंटीमीटर खाली न्या, नाहीतर पोशाख खांद्यातून उतरत नाही.

बाजूच्या शिलाईत खिसा ठेवायला विसरू नका. फेस्टच्या मैदानात 3 लिटरपेक्षा मोठी किंवा 20 × 15 × 10 सेंटीमीटरपेक्षा मोठी पिशवी नेऊ देत नाहीत.

मी घरी शिलाईकाम करते. एका मुलीसाठी खणाचा डिर्न्डल शिवला. बसली की बॉडी वर चढते, काखेत सुरकुत्या येतात, आणि पाठीची टीप दोनदा उसवली. काय चुकलं असेल? (शहापूर, बेळगाव)

तीन वेगळ्या तक्रारी आहेत, तिघींचं कारण वेगळं.

बॉडी वर चढते ती बहुधा सैलपणामुळे. आपल्याकडे पंजाबी ड्रेसला दीड-दोन इंच सैल धरायची सवय हाताला लागलेली असते. इथे छातीला जास्तीत जास्त एक-दोन सेंटीमीटर, कंबरेला शून्य. दुसरं, बॉडीची लांबी बघा. खालची कड नेमकी कंबरेच्या खोबणीत किंवा तिच्याखाली फार तर एक-दोन सेंटीमीटर हवी. ती नितंबाच्या हाडावर आली तर बसताना हाड तिला वर ढकलणारच. घट्ट म्हणजे किती, तर आत ब्लाउज घालून चेन लावल्यावर कंबरेत दोन बोटं जेमतेम सरकली पाहिजेत आणि खुर्चीत बसून पूर्ण श्वास घेता आला पाहिजे. माप घेताना आतला ब्लाउज अंगात हवा. नुसत्या अंगावर माप घेतलं की फसगत.

काखेतल्या सुरकुत्या मुंढा खोल कापल्याने येतात. नेहमीच्या ब्लाउजला बाही जोडायची म्हणून मुंढा खोल घेतो. इथे बाही बॉडीला नाही, आतल्या ब्लाउजला आहे. मुंढा काखेपासून दोन सेंटीमीटरच खाली ठेवा. उंच मुंढ्यात हात जास्त मोकळा फिरतो, हे घालून बघितल्याशिवाय पटत नाही. पुढे छातीचे टक्स न घेता प्रिन्सेस कट घ्या, आणि पाठीला खांद्याजवळून कंबरेकडे वळत येणाऱ्या दोन शिलाया. मधली पाठ वर रुंद, खाली निमुळती झाली की कंबर आपोआप बारीक दिसते. खण कापण्याआधी जुन्या चादरीची बॉडी शिवून एकदा अंगावर घालून बघा. खण परत मिळत नाही, चादर मिळते.

टीप उसवते कारण खणाचे धागे ताणाखाली सरकतात. टीप तुटलेली नसते, धागे तिच्यातून निसटतात. उपाय: प्रत्येक तुकड्याला मागून पातळ सुती फ्यूजिंग लावा, किंवा मांजरपाटाचा तसाच तुकडा कापून कडेने कच्ची टीप घालून दोन्ही एकच कापड समजून शिवा. माया, म्हणजे शिलाईबाहेरचं कापड, दोन सेंटीमीटर ठेवा. टाका 2.5 मिलिमीटर, त्याहून बारीक टाक्याने खणाला भोकं पडतात आणि तिथूनच फाटतो. पुढच्या उभ्या शिलायांत उरेप पट्टीची बारीक पायपिंग घाला. तिकडच्या चांगल्या डिर्न्डलला ती असतेच. दिसायला छान आणि शिलाईलाही बळकटी. आणखी एक: खणाचे काठ कापून टाकू नका. पुढच्या उघडीच्या दोन्ही बाजूंना ते उभे आले तर वेगळी लेस लागत नाही. फक्त बुट्ट्या दोन्ही पुढ्यांवर समोरासमोर आणि सुलट येतात ना ते खडूने आखून बघा.

इरकल साडीचा स्कर्ट आणि एप्रन होईल का? (खडेबाजारात आईने घेतलेली जुनी आहे, एका जागी विरली आहे.) (हिंदवाडी)

होईल, आणि आमच्या मते खणाच्या बॉडीला याहून चांगला जोड नाही. साडी आडवी वापरा: खालचा काठ तोच स्कर्टचा काठ. काठ असल्याने खाली दुमडायची गरज नाही, म्हणून काठापासून वर 78 सेंटीमीटरवर कापा. तीन मीटर लांबीत घेर निघतो. विरलेला भाग चुण्यांत जाईल असं बघून कापू नका. चुण्यांवरच सगळा ताण असतो. तो भाग सरळ काढून टाका. वरच्या काठाची जी पट्टी उरते तिच्या ब्लाउजच्या बाह्या होतात.

पदराचा एप्रन करा. इरकलच्या लाल पदरावरचे पांढरे तोप-तेनीचे पट्टे एप्रनवर फार उठून दिसतात. मात्र इरकलमध्ये अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळे असून ते कोंडीने, म्हणजे फासात फास अडकवून जोडलेले असतात. तो जोड एप्रनच्या कंबरपट्टीत घेतलात तर पहिल्या गाठीलाच सुटायला लागेल. जोडाच्या खाली दोन बोटं सोडून, फक्त पदराच्या बाजूने कापा. मागे पातळ मलमलचं अस्तर दिलंत तर रेशमी पदर घसरत नाही. एप्रन स्कर्टपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर आखूड हवा, म्हणजे स्कर्टचा काठ खालून दिसेल.

एप्रनची गाठ कुठल्या बाजूला बांधायची? मी विवाहित आहे. उलटी बांधली तर गैरसमज होतो म्हणे. (निपाणी)

विवाहित किंवा कुणाशी जुळलेलं असेल तर उजवीकडे, एकटी असेल तर डावीकडे. मागे बांधतात त्या विधवा किंवा तंबूत वाढणाऱ्या महिला. मध्ये पुढे बांधली तर 'सांगायचं नाही' असा अर्थ लावतात. डावं-उजवं घालणारीचं स्वतःचं. इथे बऱ्याच जणींची चूक होते ती सेल्फी पाहून: पुढचा कॅमेरा चित्र उलटवतो, फोटोत डावी दिसणारी गाठ प्रत्यक्षात उजवी असू शकते. आरशासमोर उभं राहून ज्या हाताने जेवता त्या बाजूला बांधली की झालं. डावखुऱ्यांनी अर्थातच उलट.

ही काही शेकडो वर्षांची रीत नव्हे, अलीकडे रुजली आहे. पण तंबूत ती पाहिली जाते, तेव्हा पाळलेली बरी.

गाठ सुटते त्याचं कारण बहुतेक वेळा नाडीचं कापड गुळगुळीत असतं. नाडी दोनदा कमरेभोवती न फिरवता एकदाच मागून पुढे आणा, आधी साधी गाठ घट्ट मारा, मग बो. टोकं गुडघ्याच्या वर संपली पाहिजेत.

ऑनलाइन मागवलेला डिर्न्डल आला तो सॅटिनचा, गुडघ्याच्या वीतभर वर, छापील लेसवाला. परत करायची मुदत गेली. काही करता येईल का? (खानापूर)

तसा पोशाख तिकडे फॅन्सी ड्रेस समजला जातो, आणि तो ओळखू येतो तो उंचीवरून आणि चकाकीवरून. हल्ली गुडघ्याच्या खाली जाणारी उंची जास्त चालते.

बॉडी बरी बसत असेल तरच खर्च करा. नसेल तर सोडून द्या. बसत असेल तर सॅटिनचा स्कर्ट उसवून वर सांगितल्याप्रमाणे सुती स्कर्ट लावा. छापील लेस काढा, तिच्या जागी त्याच रंगाची मखमली पट्टी. एप्रन नवा. सोबत आलेला खोल गळ्याचा ब्लाउज बाजूला ठेवून बंद गळ्याचा सुती लेसचा ब्लाउज शिवा. एवढ्या एका बदलाने पोशाख पाच-सात वर्षांनी नवा दिसतो, कारण बंद गळा हीच सध्याची मोठी फॅशन आहे. आपला साडीवरचा ब्लाउजही छातीखालीच संपतो म्हणून तो चालेल असं वाटतं. पण त्याच्या पुढच्या हुकांची पट्टी घट्ट बॉडीखालून उमटते. उघड मागे घ्या आणि खाली इलॅस्टिकचा नेफा करा.

ठुशी, नथ, मंगळसूत्र, अथणीच्या चपला यांतलं काय घालू? (बेळगाव कॅम्प)

ठुशी जरूर. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या प्रांतात, गळ्याशी घट्ट बसणारी पट्टी घालायची जुनी पद्धत आहे. आल्प्सच्या भागात आयोडिनच्या कमतरतेने गलगंड फार होता, तो झाकायला ही पट्टी वापरली जाई. ठुशी बरोबर त्याच जागी बसते, फक्त गळा बंद असेल तर ती ब्लाउजवरून घाला आणि मागचा गोंडा केसांत अडकणार नाही इतका आखूड बांधा. छोटं वाटीचं मंगळसूत्र आणि ठुशी एकत्र घालू नका. दोन्ही एकाच जागेसाठी भांडतात. लांब मंगळसूत्र ब्लाउजच्या आत. बॉडीला पुढे साखळीची विणणी असेल तर त्यात ते अडकून तुटतं. नथ नको, असं आमचं मत. ठुशी, खणाचे काठ आणि इरकलचा पदर एवढं असताना चेहऱ्यावर आणखी एक दागिना आला की पोशाख स्नेहसंमेलनातला वाटू लागतो.

अथणीच्या चपला शहरात हिंडायला, कोरड्या दिवशी छान दिसतात. तंबूत नको. जमीन बिअरने ओली, लोक बाकांवर उभे राहून गातात, आणि काचेचे लिटरभराचे मग फुटतात. बंद, सपाट किंवा जाड टाचेचे चामडी बूट घाला.

आणि जॅकेट. संध्याकाळी तिकडे पारा 10 अंशांच्या खाली जाऊ शकतो. लोकरी जॅकेट कंबरेपाशी संपणारं हवं. लांब कोट गाठही झाकतो आणि घेरही चेपतो.

आपण त्यांच्या पोशाखात असे फेरफार केले तर त्यांना अपमान वाटणार नाही का? (चिकोडी)

दोन गोष्टी वेगळ्या धरा. गावोगावच्या मंडळांचा जो परंपरागत पोशाख आहे, ज्यात टोपीपासून मोज्यांपर्यंत सगळं ठरलेलं असतं, त्याची नक्कल करू नका आणि त्यात बदल तर मुळीच नाही. तो त्या त्या गावाचा आहे. फेस्टच्या पहिल्या रविवारी निघणाऱ्या मिरवणुकीत तो बघायला मिळतो.

डिर्न्डल तसा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खेड्यातल्या कामकरी मुलींच्या पोशाखावरून तो शहरातल्या बायकांनी उचलला, सुट्टीला डोंगरात गेल्यावर घालायला म्हणून. त्याला फॅशनमध्ये आणण्यात म्युनिकच्या वालाख बंधूंचा मोठा वाटा. ऑक्टोबरफेस्टच्या शंभरीला, 1910 साली, मिरवणुकीतल्या लोकांचे पोशाख त्यांनी पुरवले होते. हे बंधू ज्यू. 1938 मध्ये नाझी राजवटीत त्यांच्या हातून दुकान गेलं, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गमध्ये ज्यूंना असे पोशाख घालायलाच बंदी झाली. त्यामुळे 'हा कुणाचा' या प्रश्नाला तिकडे फार कडवट इतिहास आहे. आज म्युनिकमध्ये आफ्रिकी छापील कापडाचे डिर्न्डल शिवून विकले जातात आणि लोक ते घालतात. खणाचा नीट बसणारा डिर्न्डल कुणाला खटकणार नाही. सॅटिनचा वीतभर आखूड खटकेल.

जर्मनीहून आणलेला डिर्न्डल इथे नवरात्रात घालायचा आहे. उकडेल का? (वडगाव, बेळगाव)

मखमली बॉडीचा असेल तर नक्की उकडेल, तो थंडीतल्या लग्नासाठी ठेवा. सुती असेल तर घाला. दांडियाला एप्रन काढून ठेवा किंवा त्याच्या खालच्या कडा आतून दोन टाक्यांनी स्कर्टला टाचा, नाहीतर गिरकीत तो तोंडावर येतो. आत गुडघ्यापर्यंतचा सुती परकर हवाच. बो ऐवजी नाडीच्या जागी सुती करगोटा किंवा कमरपट्टा चालेल. इथे गाठीची बाजू कुणी बघत नाही.

यजमानांसाठी तिकडचे पुरुष घालतात तशी चामड्याची अर्धी चड्डी इथे शिवून घ्यावी का? (गोकाक)

नको. रेक्झिनची दिसते तशीच दिसते, आणि खरं हरणाचं चामडं शिवणारा हात वेगळा असतो. तिकडे वापरलेल्या चांगल्या मिळतात. इथून चौकड्यांचा सुती शर्ट तेवढा शिवून न्या.

खणाचा रंग पांढऱ्या ब्लाउजला लागला. (संकेश्वर)

घाम आणि घट्ट बॉडी, दोन्ही मिळून हे होतं. अस्तर रंगाचा थोडा भाग अडवतं, पण मुंढ्याच्या आणि गळ्याच्या कडेला खणच त्वचेला लागतो. तिथे आतून दोन बोटं रुंद सुती पट्टी लावा. नवा खण कापण्याआधी ओल्या पांढऱ्या रुमालाखाली धरून गरम इस्त्री दाबा. रुमालाला रंग आला तर खण कोरड्या धुलाईलाच द्यायचा, घरी भिजवायचा नाही. अस्तर आणि स्कर्टचं कापड मात्र कापण्याआधी रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचा खण फुगतो. लागलेला डाग ताजा असेल तर ब्लाउज गार पाण्यात साबण लावून लगेच धुवा. गरम पाणी आणि इस्त्री डाग गेल्यावरच.